एकशे ब्याऐंशीच्या पुढचं लाकूड

रविवार, ११ मार्च २००७, सकाळी साडेदहा. नग एक्केचाळीस, बेरीज उणे १९.५४८ घनमीटर. हजर तिघं: मी, तुझी मुलगी अनघा, आणि आपल्या लाकूड सहकारी संस्थेचे तेव्हाचे व्यवस्थापक तिवारी साहेब, आता निवृत्त. चौथा हजर असायला हवा होतास तो तू, दिना. तू एकवीस दिवस आधी गेलास.

लाकूड उणे नसतं. हे वाक्य मी तुला साडेनऊ वर्षांपूर्वी डेपोच्या खोलीत म्हणालो होतो. तू हसला होतास. त्या रविवारी ते वाक्य पुन्हा म्हणालो तेव्हा कुणी हसलं नाही.

अनघा तुझ्या आठवणींची पुस्तिका काढते आहे. किरनापूरच्या शाळेतले मित्र, तुझ्या कंप्युटर सेंटरचे विद्यार्थी, सगळे लिहिणार आहेत. माझ्याकडेही मागणी आली. मी तिला म्हणालो, बाई, मी लिहीन ते तुला छापवणार नाही. ती म्हणाली, "काका, जसं आहे तसं लिहा. बाबांविषयी गोड लिहिणारे चाळीस जण आहेत." म्हणून लिहितो. गोड नाही.

आधी कबुली. वैनगंगेच्या घाटावर मी आलो होतो. तुला खांदा दिला नाही. माणसं मोजली, एकशे अडतीस होती. मी चिंचेखाली उभा राहिलो आणि घरी येऊन आंघोळ केली. माझी बायको मंदा म्हणाली, "एवढा जन्माचा मित्र, अन खांदा नाही दिला तुम्ही?" मी म्हणालो, माझ्या खांद्यावर त्याचं ओझं नऊ वर्षं आहे, आणखी एकदा कशाला?

आता क्रमानं सांगतो, म्हणजे ज्यांना ठाऊक नाही त्यांनाही कळेल.

मी डेपोत मोजणी बाबू होतो. लाकडाचा घेर सेंटीमीटरमध्ये, लांबी मीटरमध्ये. घेराचा वर्ग करायचा, सोळानं भागायचं, लांबीनं गुणायचं, सेंटीमीटरचे मीटर करायला दहा हजारानं भागायचं, की नगाचं आकारमान. हे मी तक्त्यावरून हातानं काढत असे आणि माझ्या बावीस वर्षांच्या कामात तिसऱ्या दशांशाची चूक कुणी दाखवली नव्हती. आमची एक रीत होती. एक जण टेप धरून घेर पुकारणार, लिहिणारा तोच आकडा मोठ्यानं दुबारा बोलणार, मगच लिहिणार. दुबारा न बोललेला आकडा रजिस्टरला चढत नसे. लॉट संपला की लिहिणारा म्हणे, "लॉट बंद." पुकारणारा दुबारा म्हणे, "लॉट बंद." मग रेघ.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यानंतर संस्थेनं एक जुना तीनशे शहाऐंशी जातीचा कंप्युटर घेतला आणि प्रोग्रामचं काम तुला दिलं. तुझं नाव मीच सुचवलं होतं. बालाघाटात तेव्हा कंप्युटर शिकवणारे दोन, आणि त्यातला एक माझ्या वर्गातला. सूत्र मी तुला कागदावर लिहून दिलं. तू ते सी भाषेत बसवलंस. निळ्या पडद्याचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनला चालवता येईल असा करून देणारा, तीन फ्लॉप्यांवर होता, आणि मशीनच्या डिस्कवर जागा नसल्यानं कंपाईल करताना तिसरी फ्लॉपी आत टाकून ठेवावी लागे. ती घरघरत राही. तू म्हणायचास, "चाल बे, हे दळण होऊन राह्यलं, तोवर चहा पिऊन येऊ." आपण पिऊन यायचो. परत आलो की कधी खाली आकडा असे, एरर शून्य, आणि तू टेबलावर थाप मारायचास. ती थाप मला अजून आवडते. ते मी लपवत नाही.

पहिल्या आठवड्यात तू स्वतः शेजारी बसून रजिस्टरमधून घेर पुकारलेस आणि मी दुबारा बोलून टाइप केले. पुढे पूर्ण हंगाम तसंच चाललं. चौकीदाराला आकडे वाचता येत नव्हते आणि तुला दुपारी वेळ असे. तुझ्या आवाजात पुकार ऐकायला मजा यायची. तू आकड्यांना चाल लावायचास. "एकशे सतरा, जशी सातबाऱ्याची पोरगी!" मी म्हणायचो, "एकशे सतरा. पोरगी नको."

त्याच पहिल्या आठवड्यात सरईचा, म्हणजे साल वृक्षाचा, एक जाड नग आला. मी टाइप केला आणि पडद्यावर आकारमानापुढे उण्याचं चिन्ह.

"दिना, लाकूड उणे नसतं."

तू चष्मा कपाळावर चढवून पाहिलंस. "डिस्प्लेचा प्रॉब्लेम आहे. उद्या काढून देतो."

दुसऱ्या दिवशी चिन्ह गेलं होतं. मी खूश झालो. एवढंच माझं लक्ष. हा माझा गुन्हा आहे आणि तो मी लिहून ठेवतो: चिन्ह गेलं म्हणून मी आकडा तपासला नाही. संस्थेनंही सांगितलं होतं की आता हातानं हिशेब करू नका, दोनदा काम होतं. पडद्यावर नगाचा आकडा क्षणभर येई आणि वर सरके. कागदावर उतरे ती फक्त लॉटची बेरीज. बावीस वर्षांचा तक्ता मी कपाटात ठेवला.

मे महिन्यात नाक्यावर एक ट्रक अडवला गेला. कागदापेक्षा लाकूड जास्त. मग साऱ्या हंगामाचे लॉट पुन्हा तपासले. एकूण ११.८५८ घनमीटर लाकूड कागदावर कमी दाखवून व्यापाऱ्यांना गेलेलं. रजिस्टरमध्ये घेर बरोबर, छापील बेरीज कमी. तिवारी साहेबांनी चौकशी लावली.

शक्यता दोनच होत्या. प्रोग्राम चुकला, की टाइप करणारा?

मी म्हणालो, प्रोग्राम त्याच मशीनवर चालवून बघा. तू म्हणालास, त्याची डिस्क उडाली. मग तू तुझ्या सेंटरचा नवा पेंटियम उचलून आणलास, त्यावर नवा कंपायलर. साहेबांसमोर तोच सोर्स, म्हणजे तू लिहिलेला मूळ प्रोग्राम, एक अक्षर न बदलता कंपाईल केलास. रजिस्टरमधले आकडे टाकले. बेरीज बरोबर आली. पुन्हा टाकले. पुन्हा बरोबर. साहेबांनी मान हलवली. प्रोग्राम निर्दोष. राहिलो मी.

मी म्हणालो, साहेब, मी दुबारा बोलूनच टाइप केलं आहे. पुकारणारा इथंच बसला आहे. त्यालाच विचारा.

तिवारी साहेबांनी तुला विचारलं ते शब्द मला पाठ आहेत. "दिनकर जी, आप बगल में बैठकर पुकारते थे। बाबू ने सही दोहराया था?"

आणि तू म्हणालास, "साहब, आवाज तो आती थी। टाइप क्या किया, वो मैंने देखा नहीं।"

खोटं एकही अक्षर नाही त्यात. मी ते वाक्य नऊ वर्षं उलटून पालटून पाहिलं. तू खरंच कीबोर्डकडे पाहत नव्हतास, तू रजिस्टरकडे पाहत होतास. पण साहेबांनी विचारलं होतं ते वेगळंच होतं. त्यांनी विचारलं होतं, यानं दुबारा बरोबर म्हटलं का. त्याचं उत्तर "हौ" एवढंच होतं. एक अक्षर, दिना. ते तू दिलं नाहीस.

बाहेर वडाच्या पारावर मी तुझा हात धरला.

"काहून बे? हौ म्हणायले जीभ जड झाली तुही?"

"पुरू, मी खोटं नाही बोललो."

"खरंही नाही बोलला."

"माह्या प्रोग्रामवर बोट आलं तं संस्थेच्या पाचही डेपोचं काम जाते. तुही काय, दोन इन्क्रिमेंट जातीन. नोकरी नाही जात तुही."

"म्हणजे तुले माहीत हाये."

"मले काही माहीत नाही," तू म्हणालास आणि हात सोडवून घेतलास. "पेंटियमवर बरोबर आलं, तुह्या डोळ्यांनी पाह्यलं ना?"

दोन इन्क्रिमेंट गेले. पण शेऱ्यात शब्द आला, "हेतुपुरस्सर". माझी बदली बैहरच्या डेपोत, सहा वर्षं. दर शनिवारी जीप, नाही तर बस. मंदा आणि दोन्ही मुलं इथं. पैशाचं मी बोलत नाही. शब्दाचं बोलतो. माझ्या थोरल्याच्या सोयरिकीच्या वेळी मुलीकडच्यांनी बाहेर चौकशी केली होती. त्यांना कुणी तरी सांगितलं, बाबू घेर मारायचा. लग्न झालं, पण त्या घरात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा व्याह्यांनी माझ्यासमोर पाकीट आतल्या खिशात सरकवलं. मी पाहिलं. तू असतास तर तूही पाहिलं असतंस, आवाज ऐकून सोडून दिलं नसतंस.

मंदानं एकदाच विचारलं. "तुम्हाले एवढे आकडे येतात. मंग हा एक काहून नाही दिसला?" मी उत्तर शोधायला लागलो.

ज्या मशीनची डिस्क उडाली म्हणालास, तो मशीन दोन हजार दोनमध्ये डेपोच्या भंगारात निघाला. मोडकी कुलपं, दोन खुर्च्या, एक काटा आणि तो मशीन, मिळून एक लॉट. बोली लावणारा मी एकटाच. कपाटातल्या फ्लॉप्याही त्याच लॉटमध्ये आल्या: तुझ्या सोर्सची एक, कंपायलरच्या दोन, आणि कंपायलरचीच तिसरी, जिच्यावर बुरशीची पांढरी फुलं. घरी आणून डिस्क तपासून घेतली. डिस्क उडालेली नव्हती, दिना. तिच्यातून एक वायर काढलेली होती. वायर काढणारा कोण, ते मी लिहीत नाही. त्या खोलीच्या किल्ल्या दोघांकडे होत्या आणि एक मी आहे.

त्या दिवशी मी ठरवलं, हे तुझ्यापुढे मांडल्याशिवाय मरायचं नाही. मरायला तू पुढे गेलास. त्यातही तूच हुशार.

मग मी सी भाषा शिकलो. सत्तेचाळिसाव्या वर्षी. बैहरहून परत आलो होतो, बस स्टँडजवळच्या एका कंप्युटर क्लासात नाव घातलं. बाकी सगळी कॉलेजची मुलं मुली, मला अंकल म्हणत. सर स्वतः माझ्या धाकट्याच्या वयाचे. त्या क्लासात दोन हजार चार सालीही तोच निळा कंपायलर चालत होता, तुझ्याकडच्यापेक्षा एक आवृत्ती नवा. बाहेरच्या जगात तो केव्हाच म्हातारा झाला होता, पण आमच्याकडे परीक्षा त्याच्यावरच होई.

पहिल्या आठवड्यातला प्रोग्राम होता, आकडा घ्या आणि त्याचा वर्ग दाखवा. मुलांनी पाच टाकले, दहा टाकले, बारा टाकले. मी सवयीनं दोनशे चार टाकला. माझ्यासाठी आकडा म्हणजे घेर.

उत्तर आलं, उणे २३९२०.

सर म्हणाले, "अंकल, इतना बड़ा नंबर क्यों डालते हो? छोटा डालो।" मी विचारलं, दोनशे चार मोठा आहे? मग त्यांनी समजावलं. या जुन्या कंपायलरमध्ये पूर्णांकाचा खण लहान. बत्तीस हजार सातशे सदुसष्ट मावतात. एक जास्त झाला की आकडा उलटून उण्यात जातो. नव्या कंपायलरमध्ये तोच खण मोठा आहे, तिथं काही होत नाही. त्यांनी ऑफिसातल्या नव्या मशीनवर तोच प्रोग्राम चालवून दाखवला. ४१६१६. बरोबर.

मी वहीवर हिशेब केला. एकशे एक्याऐंशीचा वर्ग ३२७६१, मावतो. एकशे ब्याऐंशीचा ३३१२४, मावत नाही. म्हणजे एकशे एक्याऐंशी घेरापर्यंत लाकूड बरोबर, आणि एकशे ब्याऐंशीपासून पुढचं सगळं उलटं.

तेव्हा मला तो सरईचा नग आठवला आणि ते उण्याचं चिन्ह. आणि खरं सांगू? पहिला विचार सुडाचा आला नाही. पहिला विचार आला, चला, दिनाला सांगू. कारण साऱ्या बालाघाटात हे ऐकून ज्याच्या डोळ्यांत चमक येईल असा माणूस तूच होतास. मी क्लासातून उठून रस्त्यापर्यंत आलो होतो. मग आठवलं की आपण बोलत नाही.

त्याच संध्याकाळी सरांच्या मशीनवर तुझी सोर्सची फ्लॉपी घातली आणि ती ओळ शोधली. घेर गुणिले घेर, आणि त्याच्याभोवती अ‍ॅब्स. म्हणजे उणे आलं तर चिन्ह काढून टाक. सरांना दाखवलं. ते म्हणाले, "स्क्वेअर पे अ‍ॅब्स? स्क्वेअर कभी निगेटिव होता है क्या?"

नाही होत. कुठल्याही आकड्याचा वर्ग उणे येत नाही, हे आपण किरनापूरच्या शाळेत आठवीत शिकलो, एकाच बाकावर. वर्गाचं चिन्ह खोडणारी ओळ तोच लिहील ज्यानं वर्गापुढे उणे पाहिलं आहे. तू पाहिलं होतंस. मीच दाखवलं होतं. आजार तसाच ठेवून तू फक्त चिन्ह पुसलंस. म्हणून पुढे लाकूड जितकं जाड, तितकं कागदावर कमी. दोनशे चार घेर, तीन दशांश दोन लांबी: खरं ०.८३२, तुझं ०.४७८. दोनशे बत्तीस घेर, तीन मीटर: खरं १.००९, तुझं ०.२२०. हत्तीएवढं लाकूड, तू त्याची कुऱ्हाडीची दांडी केलीस. दोनशे छप्पन्नचा नग आला असता तर बरोबर शून्य आलं असतं आणि पहिल्याच दिवशी पकडला गेला असतास. तसा नग त्या हंगामात आला नाही. तुझं नशीब, किंवा माझं.

मी तेव्हाच तुझ्या दारात यायला हवं होतं, असं मंदा म्हणते. पण चौकशीत तू दुसऱ्या मशीनवर चालवून मला खोटं पाडलंस. मी दुसऱ्या मशीनवर चालवून तुला खोटं पाडणार नव्हतो. तोच मशीन, तोच कंपायलर, आणि रजिस्टरमधले एकशे ब्याऐंशीपासून पुढचे तेच एक्केचाळीस नग. तीन वर्षं लागली. पॉवर सप्लाय गोंदियाहून आणला. आतली बॅटरी मेली होती, चालू केला की तारीख ऐंशी सालची दाखवी, तिच्याकडे लक्ष दिलं नाही. वायर बसवली. सगळं झालं आणि तिसऱ्या फ्लॉपीवर अडलं. तिच्यात लायब्ररी होती, प्रोग्रामला शेवटी जोडायचे तयार तुकडे. सोर्स कंपाईल होई, एरर शून्य, पण पुढे जोडणी होत नसे. बुरशीनं नेमकं तेच खाल्लं होतं.

डिसेंबरात तू आजारी पडलास. अनघानं फोन केला, "काका, बाबा बोलावतात." मी म्हणालो, मशीन चालू झाला की येतो. मी तुझ्यापुढे पडदा ठेवणार होतो. रिकाम्या हातानं येऊन तुझी तब्येत विचारणार नव्हतो.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी अनघा आमच्या घरी आली. हातात पत्र्याचा बिस्किटांचा डबा. म्हणाली, "तुमचा निरोप मी बाबांना सांगितला होता. मशीन चालू झाला की येतो, म्हणून. ते हसले. म्हणाले, त्याले सापडन. तो सोडत नाही."

डब्यात कंपायलरच्या तीन फ्लॉप्या होत्या. तिसरीवर बुरशी नाही, स्पिरिटनं पुसलेली. तू माळ्यावरून उतरवून घेतल्यास, कापसानं पुसल्यास आणि तिला सांगितलंस, "पुरूले दे. मी गेल्यावर."

मी गेल्यावर! अनघाला वाटलं मी रडेन. माझं डोकं फिरलं. याला मी माफी म्हणणार नाही, दिना. तू माझ्याविरुद्ध बोलायची वेळ होती तेव्हा गप्प बसला नाहीस, शब्द मोजून बोललास. माझ्या बाजूनं बोलायची वेळ आली तेव्हा डबा पाठवलास. डब्याला तोंड नसतं. मी त्याच्याशी भांडू कसा? दोन-अडीच महिने तू अंथरुणावर होतास. एवढ्या वेळात "हौ" म्हणता आलं असतं. मी वीस मिनिटांच्या अंतरावर राहतो.

आणि हो, मीही आलो नाही. वीस मिनिटं दोन्हीकडून तेवढीच असतात. हे मंदाचं वाक्य आहे, तिचं तिच्या नावावर टाकतो.

रविवारी मी तिवारी साहेबांना आणि अनघाला बोलावलं. तिसरी फ्लॉपी घरघरली. मी चहाला गेलो नाही. कंपाईल झालं, जोडणी झाली. रजिस्टरची प्रत मी नऊ वर्षं जपली होती, ती अनघाच्या हातात दिली आणि आमची रीत सांगितली. ती पुकारणार, मी दुबारा बोलणार.

"एकशे ब्याऐंशी."

"एकशे ब्याऐंशी."

ती पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तुझ्या पाच डेपोंच्या कामातून तिचं शिक्षण झालं. सुरू करण्याआधी सोर्स पाहताना त्या ओळीवर तिचं बोट थांबलं. "काका, वर्गाला अ‍ॅब्स..." म्हणाली आणि रजिस्टर पुढे ओढलं. तिला कुणी समजवायची गरज नव्हती. त्या क्षणी मला तिची दया आली. पण मी एकही नग सोडला नाही. सतराव्या नगाला तिचा आवाज फुटला, आकडा नीट ऐकू आला नाही. मी म्हणालो, पुन्हा पुकार. तिनं डोळे पुसले आणि पुन्हा पुकारलं. "दोनशे चार." मी दुबारा म्हणालो. कठोर होतो मी. तुझ्याशी व्हायचं होतं, तिच्याशी झालो. ते उधार तुझ्याकडे.

एक्केचाळीस नग झाले. तुझ्या प्रोग्रामची बेरीज १९.५४८. माझ्या तक्त्याची, आदल्या आठवड्यात हातानं काढलेली, ३१.४०६. फरक ११.८५८. चौकशीतला आकडा. तिसऱ्या दशांशापर्यंत.

तिवारी साहेबांनी पडद्यावरची आणि माझी बेरीज बोटानं ताडून पाहिली. "अरे बाबू," ते म्हणाले, "मशीन ही झूठ बोल रही थी।"

"मशीन नहीं, साहब. मशीन ने तो माइनस दिखाया था."

मग मी अ‍ॅब्स काढला, पुन्हा कंपाईल केलं, पुन्हा सगळे एक्केचाळीस टाकले. आली ती बेरीज वर पहिल्या ओळीत लिहिली आहे. उणे १९.५४८. मशीननं पहिल्या आठवड्यात आपल्याला हेच सांगितलं होतं.

कागद मी तयार ठेवला होता. साहेब म्हणाले, "अब तो मैं रिटायर हूँ। मेरे दस्तखत से क्या होगा?"

"तब भी आप ही के दस्तखत से हुआ था, साहब."

त्यांनी सही केली. मग अनघानं पेन मागितलं. मी म्हणालो, तुझी नको बाई, तू मुलगी आहेस त्याची. ती म्हणाली, "म्हणूनच. पुकारणाऱ्याच्या बाजूनं कुणी तरी हवं ना."

दिना, ते ऐकल्यावर मी उठून आत गेलो. पाणी प्यायलो. माठाजवळ उभा असताना मला तुझा आवाज ऐकू आला, "एकशे सतरा, जशी सातबाऱ्याची पोरगी." तुझी पोरगी माझ्या ओसरीत बसली होती आणि तुझ्या वाट्याचं "हौ" लिहून देत होती. त्या वेळी तू समोर असतास तर मी तुला मारलं असतं. आधी मारलं असतं आणि मग चहा पाजला असता. हा क्रम महत्त्वाचा आहे.

शेवटी कुणाला काय दिलं, तेही लिहून ठेवतो. सह्यांच्या कागदाच्या दोन प्रती झाल्या. एक संस्थेत जाईल, एक माझ्या व्याह्यांना, मी स्वतः नेऊन देणार आहे, पाकिटं बाहेर ठेवा म्हणून. तुझी तिसरी फ्लॉपी मी पुसली नाही. जागा होती तेवढ्यात प्रोग्राम टाकला, अ‍ॅब्स काढलेला, आणि डबा अनघाला परत दिला. साडेनऊ वर्षं तू खोडून ठेवलेलं उणे तुझं तुला पोचलं.

मी रजिस्टर मिटलं आणि म्हणालो, "लॉट बंद."

अनघानं दुबारा म्हटलं, "लॉट बंद."

ते तू म्हणायला हवं होतंस.